संक्षेपाची किल्ली

काही वर्षांपूर्वी वैनगंगेच्या खोऱ्यातील विवाहविधींविषयीचे एक जुने पुस्तक वाचत होतो. एका परिच्छेदाखाली तळटीप होती : ‘जे. ए. एस. बी., खंड ८’ आणि पुढे पृष्ठांक. साल नव्हते, लेखकाचे नाव नव्हते, लेखाचे शीर्षकही नव्हते. अनुक्रमणिकेत ‘संक्षेपसूची’ असा शब्द होता आणि त्यासमोर पान अकरा असे छापलेले होते. ग्रंथालयाच्या त्या प्रतीत पान अकरा नव्हते. प्रतीची बांधणी पुन्हा केलेली होती. त्या वेळी ते गळाले असावे.

मला तेव्हा एकच जे. ए. एस. बी. ठाऊक होते : जर्नल ऑफ दि एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉल, १८३२ मध्ये सुरू झालेले. त्याचा आठवा खंड १८३९चा. तो आंतरजालावर सापडला, सांगितलेले पान उघडले, तर तिथे लग्नाचा संबंधच नाही. लेखकाने टीप निष्काळजीपणे दिली असे मी ठरवून टाकले आणि माझ्या वहीत त्या पुस्तकापुढे तसा शेराही मारला. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका पुस्तकात तोच संदर्भ पूर्ण नावाने भेटला : जर्नल ऑफ दि ॲन्थ्रॉपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे. मुंबईची ही मानवशास्त्रीय संस्था १८८६ची. टीप बरोबर होती. चुकलो होतो मी. वहीतला शेरा खोडला, पण वर्ष गेले ते गेलेच. भरीस भर म्हणजे मुंबईतील रॉयल एशियाटिक सोसायटीची शाखा पुढे ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ झाली, तेव्हा तिचे जे. बी. बी. आर. ए. एस. हे नियतकालिकही जे. ए. एस. बी. झाले. चार अक्षरे, आणि त्यांच्या आड तीन नियतकालिके.

प्रस्तुत लेख अशा अक्षरांविषयी आहे. गेली काही वर्षे मी पवनी आणि आसपासच्या परिसराविषयी झालेल्या लेखनाची सूची करतो आहे. आधी ती कार्डांवर होती, मग वह्यांत गेली. पुण्याला खगोलशास्त्रात संशोधन करणारी माझी भाची एका दिवाळीत घरी आली असताना म्हणाली, ‘‘मामा, हे सगळे तुम्ही लाटेकमध्ये का टाकत नाही? आम्ही हजारो संदर्भ त्यातच सांभाळतो.’’ तिने दोन दिवसांत जेवढे शिकवता आले तेवढे शिकवले. पुढचे मी चुकतमाकत शिकलो. शिकता शिकता लक्षात आले की, नियतकालिकाचे नाव आखूड कसे करावे हा प्रश्न या यंत्रव्यवस्थेत जितका उघडपणे हाताळला आहे, तितका आपल्या इतिहास-साहित्य संशोधनात कधीच हाताळला गेला नाही. आणि तरीही आपल्याकडचा मूळ दोष त्या व्यवस्थेतही नव्या रूपाने शिल्लक आहे. त्या दोषाची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

आपली जुनी सवय

मराठी संशोधनात संक्षेप नवा नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१०ची, ‘भा. इ. सं. मं. त्रैमासिक’ ही अक्षरे पाहिली नाहीत असा इतिहासाचा अभ्यासक नसेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७चे. त्याच्या वार्षिकाला जाणकार मंडळी ‘ॲबोरी’ असा एक शब्दच करून टाकतात. जेम्स बर्जेस यांनी १८७२ मध्ये मुंबईत सुरू केलेले ‘इंडियन ॲन्टिक्वरी’ म्हणजे ‘आय. ए.’ आणि पुरातत्त्व विभागाचे ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ म्हणजे ‘आय. ए. आर.’. शेवटचे एक अक्षर मुद्रणात गळाले की वाचक एका नियतकालिकातून दुसऱ्यात जाऊन पडतो.

मराठी नावांत तर गंमत अधिक आहे. ‘म. सा. प.’ म्हणजे काय? महाराष्ट्र साहित्य परिषद, हे कोणीही सांगेल. पण परिषदेच्या नियतकालिकाचे नाव ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’. त्याचाही संक्षेप ‘म. सा. प.’च होतो. टिपेत ‘म. सा. प.’ आणि पुढे एक साल एवढेच असेल, तर तो पत्रिकेतला लेख आहे की परिषदेने प्रकाशित केलेले पुस्तक, हे संदर्भ देणाऱ्यालाच ठाऊक.

आमच्या भागातले उदाहरण यापेक्षा बोलके आहे. विदर्भातील एखाद्या जुन्या पुस्तकावर ‘नागपूर, म. प्र.’ असा पत्ता छापलेला दिसतो. तरुण वाचकाला ती मुद्रणाची चूक वाटते. चूक नाही ती. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर आणि भंडारा मध्य प्रदेशातच होते. त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाड. तसेच १९९९ पूर्वीच्या लेखनात ‘जि. भं.’ असे लिहिलेले गाव आज गोंदिया जिल्ह्यात असू शकते. संक्षेप उलगडायचा तो आजच्या अर्थाने नव्हे, तो लिहिला गेला त्या काळच्या अर्थाने. हे सांगायला पानावर कोणी नसते.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे लेखन हा माझ्या सूचीचा कणा आहे. पवनी येथील भार राजा भगदत्त याच्या शिलालेखावर त्यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या २४व्या खंडात लिहिले. या एकाच नियतकालिकाचा उल्लेख मला निरनिराळ्या मराठी पुस्तकांत ‘ए. इं.’, ‘एपि. इं.’, ‘एपि. इंडि.’ आणि रोमन लिपीतील दोन अक्षरे अशा चार रूपांत भेटला. चारही रूपे जाणकाराला एकच. पण सूची करणाऱ्याने ती जशीच्या तशी उतरवली, तर एका नियतकालिकाची चार नियतकालिके होतात आणि मिराशींचा एक लेख चार ठिकाणी विखुरतो. पवनीच्या १९६९-७० सालच्या उत्खननाचेही तसेच. नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व विभाग यांनी मिळून केलेल्या त्या उत्खननाचा शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी लिहिलेला अहवाल विद्यापीठाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. तो ‘प. उ.’ असा आखूड केलेला मी पाहिला आहे. त्या लेखकाच्या मनात ‘पवनी उत्खनन’ होते. मी आधी ‘परिशिष्ट, उत्तरार्ध’ असे वाचले.

नाव एकदाच लिहायचे

आता यंत्रव्यवस्थेकडे वळू. गणित आणि विज्ञान यांच्या अक्षरजुळणीसाठी डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये ‘टेक’ हा संगणकीय कार्यक्रम सिद्ध केला. त्यावर लेस्ली लँपोर्ट यांनी ‘लाटेक’ रचले आणि त्याला जोडून १९८५ मध्ये ओरेन पटाश्निक यांनी ग्रंथसूचीसाठी ‘बिबटेक’ लिहिले. बिबटेकची कल्पना दुकानदाराला लगेच कळेल अशी आहे. सगळ्या नोंदी एका फाइलमध्ये राहतात : लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, साल. त्या कागदावर कशा दिसाव्यात हे दुसरी फाइल ठरवते. तिला शैली म्हणतात. खतावणी एक, बिलाचे नमुने अनेक.

या व्यवस्थेत नियतकालिकाचे नाव तीन प्रकारे लिहिता येते, आणि माझ्या मते सगळी चिकित्सा या तीन प्रकारांतल्या फरकावर उभी आहे.

पहिला प्रकार म्हणजे नाव एकदाच ठरवून त्याला खूण देणे. फाइलच्या आरंभी ‘@स्ट्रिंग’ असे लिहून सांगायचे, की ‘एपिइं’ या खुणेचा अर्थ ‘एपिग्राफिया इंडिका’. पुढे शंभर नोंदींत फक्त खूण लिहायची, अवतरणचिन्हे किंवा महिरपी कंस न घालता. कंस घातले तर यंत्र तिला खूण न समजता अक्षरे समजते आणि जशीच्या तशी छापते. पुढे आखूड नाव हवे झाले, तर एक ओळ बदलली की शंभर जागी बदलते.

ही युक्ती बिबटेकच्या मूळ शैलींतही वापरली आहे, आणि तिथेच तिचे खरे सौंदर्य दिसते. साध्या शैलीत बारा महिन्यांच्या आणि वीस नियतकालिकांच्या खुणा आधीच ठरवून दिलेल्या आहेत. ‘जॅन’ ही खूण साध्या शैलीत ‘जानेवारी’ असे पूर्ण नाव छापते आणि संक्षिप्त शैलीत आखूड नाव छापते. नोंद तीच, खूण तीच. नाव लांब असावे की आखूड, हा निर्णय नोंद करणाऱ्याने घ्यायचा नाही. तो पानाचा, प्रकाशनाचा, वाचकाच्या सोयीचा निर्णय आहे. आपल्या तळटिपांत हे दोन निर्णय नेहमी एकत्र गुंतलेले असतात. मर्यादाही इथेच नोंदवू : ती वीस नियतकालिके सगळी संगणकशास्त्राची आहेत. ज्यांनी यादी केली त्यांनी आपल्या घरातली नावे घातली. बाकीच्या जगाने आपापली यादी आपण करावी अशी अपेक्षा होती, आणि ती रास्तच होती.

दुसरा प्रकार म्हणजे टेकची आज्ञा. उलटी तिरपी रेघ आणि पुढे काही अक्षरे, की यंत्र त्या जागी ठरलेला मजकूर घालते. खगोलशास्त्रात हीच रीत रुळली आहे. नासाच्या खर्चाने चालणारी ‘ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम’ ही खगोलशास्त्रीय लेखनाची प्रचंड सूची. तिथून नोंद उतरवून घेतली की नियतकालिकाच्या जागी पुष्कळदा नाव नसते, आज्ञा असते : रेघ आणि ‘एपीजे’, रेघ आणि ‘एमएनआरएएस’. पहिलीचा अर्थ ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’, दुसरीचा ‘मंथली नोटिसेस ऑफ द रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी’. या आज्ञांचे अर्थ त्या त्या नियतकालिकाच्या साच्यात किंवा अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या एका वेगळ्या फाइलमध्ये असतात. ती फाइल सोबत असेल तर सगळे सुरळीत.

तिसरा प्रकार आपल्या परिचयाचा. खूण नाही, आज्ञा नाही. सरळ आखूड अक्षरे लिहून मोकळे व्हायचे.

आवाज करणारी चूक

तीन प्रकारांची पारख त्यांच्या यशावरून होत नाही, कारण यशस्वी झाल्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पारख होते ती मोडल्यावर.

खुणेचा अर्थ हरवला तर बिबटेक इशारा देते, की या नावाची खूण ठरवलेली नाही. मग ती जागा रिकामी धरून पुढे जाते. छापून येते ते असे : लेखक, शीर्षक आणि मग नुसता खंड व पान, अधांतरी. इशारा पडद्यावर येऊन जातो. ज्याने तो वाचला नाही त्याच्या लेखात नियतकालिकाचे नावच राहत नाही.

आज्ञेचा अर्थ हरवला तर टेक अडून बसते. ‘अपरिचित आज्ञा’ अशा अर्थाची ओळ दाखवते आणि विचारते, आता काय करू? माझ्या भाचीने दिलेल्या एका नोंदीवर मी पहिल्यांदा असा अडलो, तेव्हा संगणकच बिघडला असे वाटले. चिडून एंटरची कळ दाबत राहिलो, तर काम पूर्ण झाले, पण नाव गायब. कळ दाबणे म्हणजे ‘सोडून दे’ असे सांगणे, हे पुढे कळले. उपाय साधा होता : अर्थांची ती फाइल कागदपत्रांत ठेवणे आणि आरंभी तिचा उल्लेख करणे. किंवा सूचीतून नोंद उतरवतानाच आज्ञेऐवजी पूर्ण नाव मागणे. आता तशी सोय तिथे आहे.

तिसऱ्या प्रकारात काहीच मोडत नाही. ‘जे. ए. एस. बी.’ लिहिले की ‘जे. ए. एस. बी.’ छापले जाते. इशारा नाही, अडवणूक नाही. आणि म्हणूनच ही सर्वांत वाईट चूक आहे. पहिल्या दोन प्रकारांत किल्ली हरवल्याचे लेखकाला कळते, निदान कळण्याची संधी मिळते. तिसऱ्यात किल्ली हरवल्याचे फक्त वाचकाला कळते, तेही पन्नास-साठ वर्षांनी, ग्रंथालयात एकट्याला. लेखक तेव्हा उत्तर द्यायला नसतो.

एवढ्यावरून यंत्रव्यवस्थेला पूर्ण गुण द्यावेत असे मात्र नाही. खगोलशास्त्राच्या त्या फाइलकडे नीट पाहू. तीत प्रत्येक आज्ञेपुढे छापायची आखूड अक्षरे आहेत, आणि त्यापुढे टक्क्याचे चिन्ह देऊन नियतकालिकाचे पूर्ण नाव लिहिलेले आहे. टेकमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढचे काहीही छापले जात नाही. तो लिहिणाऱ्याने लिहिणाऱ्यासाठी ठेवलेला शेरा. म्हणजे किल्ली आहे, पण ती लेखकाच्या खोलीत टांगलेली आहे. छापील पानापर्यंत ती येतच नाही. आज्ञा यशस्वी झाली तरी वाचकाच्या हाती पडतात ती चार-पाच रोमन अक्षरेच. माझ्या पुस्तकातल्या गळालेल्या अकराव्या पानापेक्षा ही स्थिती वेगळी कशी? तिथे पान होते आणि गेले. इथे ते छापायचेच नाही असे ठरलेले आहे.

पुण्याजवळचे उदाहरण घेऊ. नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या निरीक्षणांवर लिहिणारे बहुतेक जण गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांच्या १९९१ सालच्या लेखाचा आधार देतात. तो ‘करंट सायन्स’च्या ६०व्या खंडात, पान ९५ पासून आहे. हे नियतकालिक १९३२ पासून बंगळुरूहून निघते. ते काही केवळ खगोलशास्त्राचे नव्हे. त्यामुळे ‘एपीजे’सारखी सर्वांच्या बोटांवर बसलेली आज्ञा त्याच्या वाट्याला आली नाही. परिणाम असा की, त्याच लेखाच्या संदर्भात कुठे पूर्ण नाव, कुठे दोन्ही शब्द अर्धे कापून, तर कुठे पहिल्या शब्दाचे एकच अक्षर आणि दुसऱ्याचा तुकडा जोडून केलेले रूप दिसते. आपल्या ‘ए. इं.’ आणि ‘एपि. इं.’चीच ही भावंडे. यादीत नाव असणाऱ्यांची एकवाक्यता यंत्र सांभाळते. यादीबाहेरच्यांना जो तो आपापल्या हाताने कापतो.

शब्द कापावा कसा

विज्ञानात नियतकालिकांची नावे कापण्याचे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ४. कोणता शब्द कुठे कापायचा याची यादी पॅरिसचे आयएसएसएन केंद्र सांभाळते. त्यातले दोन नियम मला फार शहाणपणाचे वाटतात. एक, शब्दाचे आद्याक्षर न घेता शब्दाचा ओळखू येईल एवढा आरंभ ठेवायचा. दोन, नाव एकाच शब्दाचे असेल तर कापायचेच नाही. ‘नेचर’ हे ‘नेचर’च राहते. या न्यायाने विदर्भ साहित्य संघाची ‘युगवाणी’ कोणीही ‘यु. वा.’ करू नये.

पहिल्या नियमाचा फायदा मराठीत करून पाहावा. ‘भा. इ. सं. मं. त्रै.’ आणि ‘भार. इति. संशो. मंड. त्रै.’ ही दोन रूपे शेजारी ठेवा. दुसऱ्यात चार अक्षरे जास्त आहेत. पण यादी हरवली तरी विचार करणारा वाचक त्यातून नाव परत उभे करू शकतो. किल्लीचा अर्धा तुकडा कुलपातच ठेवलेला असतो. आद्याक्षरांत तो नसतो. ‘एपि. इं.’ लिहिणारा ‘ए. इं.’ लिहिणाऱ्यापेक्षा वाचकावर अधिक माया करतो, असे मी म्हणेन.

आद्याक्षराची गोष्ट देवनागरीत आणखी बिकट आहे, आणि यंत्र ती उघडी पाडते. बिबटेक नियतकालिकांची नावे स्वतः कापत नाही, पण व्यक्तींची कापते. संक्षिप्त शैली मागितली की पहिल्या नावाचे एकच अक्षर ठेवते. जुने बिबटेक अक्षर म्हणजे एक बाइट समजते. देवनागरीतला प्रत्येक वर्ण आणि प्रत्येक मात्रा युनिकोडच्या प्रचलित मांडणीत तीन-तीन बाइट घेते. ‘वासुदेव’ कापायला दिले तर हाती येतो ‘व’चा एकतृतीयांश, म्हणजे कागदावर एक निरर्थक चौकोन. पुढच्या कार्यक्रमांना युनिकोड कळते. पण प्रश्न संपत नाही. ज्ञानकोशकार केतकर आपल्याला ‘श्री. व्यं. केतकर’ म्हणून परिचित आहेत. श्रीधर व्यंकटेश. इथे आपण ‘श’ आणि ‘व’ घेतले नाहीत. पूर्ण जोडाक्षर, मात्रा आणि अनुस्वार यांसह घेतले. ‘श्री’ हे एक अक्षर आहे हे मराठी मुलाला पहिलीत कळते. युनिकोडच्या अक्षरगट पाडण्याच्या सर्वसाधारण नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याची तरतूद २०२३ मधल्या १५.१ या आवृत्तीत आली. आणि एवढे होऊनही ‘श्री. केतकर’ यातले ‘श्री.’ हे नावाचे आद्याक्षर की आदरार्थी उपपद, हे यंत्र सोडाच, माणसालाही सांगता येणार नाही.

टिंबाचेही असेच. टेकमध्ये पूर्णविरामानंतर शब्दांमधल्यापेक्षा थोडी जास्त जागा सुटते, कारण वाक्य संपले असे यंत्र धरते. मग इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांनंतर ती का सुटत नाही? कारण टिंबापूर्वी मोठ्या लिपीतले अक्षर असेल, तर ते वाक्याचे नव्हे, संक्षेपाचे टिंब, असा नियम क्नूथ यांनी घातला आहे. देवनागरीत मोठी आणि छोटी लिपी नाही. त्यामुळे ‘भा. इ. सं. मं.’ हे यंत्राला चार वाक्ये वाटतात! लाटेकच्या पारंपरिक ग्रंथसूचीत टिंबानंतरची ही जादा जागा मुळातच बंद केलेली असते, म्हणून तिथे हे जाणवत नाही. तळटिपांत मात्र अक्षरे फाकलेली दिसतात. सगळ्या मजकुरात सारखी जागा ठेवण्याची एक आज्ञा आहे. ती आरंभी दिली की काम भागते. दोष छोटा, पण शिकवण मोठी : आपला संक्षेप हा संक्षेप आहे हे आपली लिपी डोळ्यांना सांगत नाही. इंग्रजीत मोठी अक्षरे निदान एवढे तरी सांगतात, की इथे काहीतरी गुंडाळलेले आहे. मराठीत ते काम एकटे टिंब करते. म्हणून मराठी संक्षेपाला यादीची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे, कमी नाही.

दाराबाहेरचा वाचक

यावर एक आक्षेप येईल. जाणकारांना ही अक्षरे कळतातच; ज्यांना कळत नाहीत त्यांच्यासाठी ते लेखन नसतेच. कागद महाग होता, टंक कमी होते, म्हणून जुन्या मंडळींनी अक्षरे वाचवली. खगोलशास्त्रज्ञालाही शंभर वेळा लांबलचक नाव वाचायचे नसते.

कागदाची सबब मला मान्य आहे, तीही त्या काळापुरती. उरलेला आक्षेप मात्र मला बोचतो, कारण तो माझ्यासारख्यांविषयी आहे. विद्यापीठात ज्याला मार्गदर्शक मिळाला, त्याला ‘ॲबोरी’ म्हणजे काय हे पहिल्या आठवड्यात कोणीतरी सांगते. ते ज्ञान पुस्तकातून येत नाही. चहाच्या टेबलावर येते. ज्याला ते टेबल मिळाले नाही, तो संक्षेपापाशी थांबतो. तालुक्याच्या गावी बसून आपल्या नदीचा, आपल्या टेकडीचा इतिहास शोधणारी शेकडो माणसे महाराष्ट्रात आहेत : शिक्षक, पोस्टातले निवृत्त कर्मचारी, शेतकरी. त्यांच्यातला कोणी टिपेपाशी अडला, तर तो असे म्हणत नाही की ‘यादी नाही’. तो म्हणतो, ‘आपल्याला कळत नाही.’ किंवा माझ्यासारखा उद्धट असेल तर म्हणतो, ‘लेखक चुकला.’ दोन्ही निष्कर्ष खोटे, आणि दोन्ही एका न छापलेल्या पानातून निघालेले.

तळटीप हे लेखकाने वाचकाला दिलेले वचन असते : माझ्यावर विश्वास ठेवू नका, हे पान उघडून पाहा. पान कुठले ते कळू दिले नाही, तर वचनाचा नुसता देखावा उरतो.

माझ्या सूचीत मी काय केले

लाटेकसाठीच ‘बिबलाटेक’ नावाची नंतरची एक व्यवस्था आहे. तिच्यात एका नोंदीत नियतकालिकाचे पूर्ण नाव आणि आखूड नाव असे दोन वेगळे रकाने भरता येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भरलेल्या आखूड नावांची यादी पूर्ण नावांसह आपोआप छापण्याची एक आज्ञा तिच्यात आहे. म्हणजे टक्क्याच्या चिन्हामागे दडलेली किल्ली इथे छापील पानावर येते. संक्षेपसूची हाताने करावी लागत नाही, म्हणून ती विसरलीही जात नाही. मी पाहिलेल्या सगळ्या सोयींत ही मला सर्वांत सुसंस्कृत वाटली. पण तिचा उपयोग करणे ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक गोष्टींचे काय होते हे आपण जाणतो.

पवनीच्या सूचीसाठी मी काही नियम ठरवले आहेत. नियतकालिकाचे नाव कोणत्याही नोंदीत हाताने लिहायचे नाही, खूणच लिहायची. तीन जे. ए. एस. बी. ना तीन वेगळ्या खुणा. मुंबईच्या सोसायटीच्या नियतकालिकाला लेखाच्या सालानुसार जुने किंवा नवे नाव. जुन्याला आजचे नाव चिकटवायचे नाही. ‘म. सा. प.’ हा संक्षेप मुळीच वापरायचा नाही. परिषद लिहायची तर ‘परिषद’, पत्रिका लिहायची तर ‘पत्रिका’. एका शब्दाचे नाव कापायचे नाही. मूळ पुस्तकात संक्षेप ज्या रूपात होता ते रूप वेगळ्या रकान्यात जपायचे, म्हणजे पुढे कोणाला माझी उकल चुकली असे वाटले तर तपासता येईल. आणि यादी एकाच ठिकाणी न छापता दोन ठिकाणी छापायची : आरंभी आणि अखेरीस. बांधणाऱ्याच्या हातून एक गळाली तरी दुसरी राहील. शेवटचा नियम कोणत्याही संगणकीय पुस्तिकेत नाही. तो मला पान अकराने शिकवला.

गावोगावी गॅझेटियरच्या धर्तीवर तालुक्यांचे इतिहास लिहिले जात आहेत, संस्थांचे अमृतमहोत्सवी ग्रंथ निघत आहेत. त्यांच्या संपादकांना लाटेक शिका असे मी सांगणार नाही. वही आणि पेन्सिल पुरेशी आहे. फक्त एक पान राखून ठेवा आणि त्यावर प्रत्येक आखूड नावासमोर पूर्ण नाव लिहा, नियतकालिकाचे गाव लिहा, त्याच्या आरंभाचे साल ठाऊक असेल तर तेही लिहा. ‘हे तर सगळ्यांना माहीत आहे’ असे ज्या नावाबद्दल वाटेल, ते सर्वांत आधी लिहा.

त्या जुन्या पुस्तकाचे अकरावे पान मला दुसऱ्या एका प्रतीत अखेर मिळाले. त्यावर सतरा संक्षेप होते, जे. ए. एस. बी. वरून सहावे. ग्रंथपालांची परवानगी घेऊन मी ते पान सुवाच्य अक्षरात उतरवले आणि आमच्या प्रतीत दहाव्या व बाराव्या पानांच्या मध्ये चिकटवले. या वेळी खळ जरा जास्तच लावली.